गोंदाचा हिशेब

ग्लुलॅम म्हणजे लाकडी फळ्या एकावर एक चिकटवून केलेली तुळई. तिच्या एका घनमीटरात सव्वासात किलोच्या आसपास गोंद जातो, तोही ओला. सुकल्यावर त्यातला चार किलो उरतो. लाकूड असतं साडेचारशे किलो. म्हणजे शंभरात एक. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेला पावसाळाभर 'त्यात गोंद किती?' याशिवाय मला कुणी दुसरं काही विचारलेलंच नाही.

झालं असं की माझा पुतण्या कोकणात वेळणेश्वरच्या वाटेवर होमस्टे बांधतोय. जेवणाचा हॉल मोठा, समुद्राच्या बाजूने उघडा, आणि मधे एकही खांब नको असा त्याचा हट्ट. तीस फुटांचा गाळा. पुण्याच्या आर्किटेक्ट बाईंनी नकाशावर 'ग्लुलॅम तुळया' असं लिहून दिलं आणि घरात चर्चा पेटली. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, म्हणजे प्लायवूडच ना ते?" आमचे मेस्त्री, ज्यांच्या वडिलांनी आमच्या जुन्या घराचं आढं चढवलं होतं, त्यांनी एवढंच विचारलं, "अण्णा, छप्पर फेविकॉलवर उभं राहनार काय?" माझी सगळी नोकरी गांधीधामला प्लायवूडच्या कारखान्यात रेझिन, म्हणजे प्लायचा गोंद, शिजवण्यात गेली. त्यामुळे घरात चिकटवलेल्या कुठल्याही वस्तूचा जाब मलाच द्यावा लागतो, चपलेच्या तळव्यापर्यंत.

तर आधी वरचा हिशेब. फळी ४० मिलिमीटर जाडीची धरा. एक मीटर उंचीत अशा २५ फळ्या बसतात, त्यांच्यामध्ये सांधे २४. एका चौरस मीटरला साधारण ३०० ग्रॅम गोंद लागतो. गुणाकार करा, ७.२ किलो. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग घन असतो, बाकी पाणी उडून जातं. फळ्या एकमेकींना जोडतानाच्या टोकांच्या सांध्यांत आणखी चिमूटभर. बाकी सगळं निव्वळ लाकूड. युरोपातून येणारी तुळई बहुतेक स्प्रूसची असते, अमेरिकेतली डग्लस फर नाहीतर सदर्न पाइनची.

वहिनींचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, कारण प्लायवूडची एक सख्खी बहीण तुळई म्हणून वापरतात. तिला एलव्हीएल (लॅमिनेटेड व्हिनिअर लंबर) म्हणतात. त्यात ओंडका मोठ्या लेथवर फिरवून तीन मिलिमीटरच्या आसपास पातळ साल सोलतात. आमच्या बोलीत ती 'व्हिनिअर'. प्लायवूडमध्ये एक थर उभा, एक आडवा असे रचतात, म्हणून ते दोन्ही दिशांनी सारखंसं वागतं. एलव्हीएलमध्ये सगळे थर एकाच दिशेला. तुळईला लांबीच्या दिशेने ताकद हवी असते, आडवी घालून काय करायची? आता इथे गोंदाचा हिशेब पुन्हा करा. मीटरभर उंचीत तीनशेहून जास्त सांधे. प्रत्येकाला कमी गोंद लागतो, दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम, तरी गोळाबेरीज पन्नास-साठ किलोवर जाते. सुकल्यावर वजनाच्या पाच टक्क्यांच्या आगेमागे गोंद राहतो. आपल्याकडे दरवाजाच्या चौकटींसाठी एलव्हीएल बऱ्याच वर्षांपासून मिळतं, निलगिरी, पॉप्लर, सिल्व्हर ओक अशा लागवडीच्या लाकडाचं. त्याला आयएस १४६१६ हे भारतीय मानकही आहे. पण चौकट वेगळी आणि तीस फुटांची तुळई वेगळी.

मेस्त्रींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र जरा लांब आहे. पांढरा डिंक, तो कुठल्याही कंपनीचा असो, फर्निचरला उत्तम. पण कायम भार अंगावर असला तर तो वर्षानुवर्षं किंचित किंचित सरकत राहतो, आणि ऊन-पाण्यात त्याचा भरवसा नाही. तुळईला असा गोंद लागतो जो एकदा जमला की परत वितळत नाही, मऊ होत नाही. शिजवलेलं अंडं पुन्हा पातळ होत नाही, तसा.

सुरुवात मात्र खरंच खाण्याच्या वस्तूपासून झाली. जर्मनीतल्या वायमार गावच्या ओटो हेट्झर नावाच्या सुताराने १९०६ साली वाकवलेल्या, चिकटवलेल्या तुळईचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याच्या काळातला हुकमी गोंद होता केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, चुन्याबरोबर घोटलेलं. कोरड्या जागी तो चांगला टिकतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या पेश्टिगो गावच्या शाळेचा व्यायामाचा हॉल १९३४ साली अशाच लाकडी कमानींवर उभा राहिला. पण केसीनला दमटपणा लागला की बुरशी धरते. आमच्याकडे ते जुलैतच कुजायला लागेल. दुसऱ्या महायुद्धात विमानं आणि होड्या लाकडाच्या बनवायच्या होत्या, तेव्हा कृत्रिम रेझिनं पुढे आली आणि तुळई घराबाहेर पडली.

हेट्झरच्या पेटंटातली वाकवण्याची गोष्ट मला फार आवडते. हर्णै-दाभोळकडे होड्या बांधणारे जुने कारागीर फासळ्यांसाठी मुद्दाम वाकडं वाढलेलं झाड शोधत फिरायचे. सरळ ओंडक्यातून वाकडा आकार कापला तर लाकडाच्या तंतूंच्या रेषा मधेच तुटतात आणि तिथेच लाकूड फाटतं. झाडच वाकडं असेल तर रेषा वाकणासोबत जातात. हेट्झरने पातळ फळ्या आधी वाकवल्या, मग चिकटवल्या, त्यामुळे रेषा आपोआप वाकणासोबत गेल्या. हवं तसं वाकडं झाड कारखान्यातच तयार. आजही कमानीच्या तुळईला फळी निम्मी, वीस मिलिमीटरच्या आसपास घेतात, कारण जाड फळी वाकवली तर मोडते. आता आमच्याकडे होड्याच फायबरच्या झाल्यात, तो विषय वेगळा.

आज ग्लुलॅमला मुख्यतः तीन प्रकारचे गोंद लावतात. पहिला फिनॉल-रिसॉर्सिनॉल-फॉर्मल्डिहाइड. याची रेघ काळपट तपकिरी दिसते, लांबूनही सांधा मोजता येतो. पाण्याला, वाफेला, उन्हाला हा सगळ्यांत खमका. दुसरा मेलामाइन-युरिया-फॉर्मल्डिहाइड, फिकट रेघेचा, म्हणून आर्किटेक्ट लोकांचा लाडका. तिसरा पॉलियुरेथेन, जो लाकडातल्या ओलाव्याशीच अभिक्रिया करून घट्ट होतो आणि त्याची रेघ जवळजवळ दिसतच नाही. त्यात फॉर्मल्डिहाइड नसतं.

आम्ही कारखान्यात नुसता फिनॉल-फॉर्मल्डिहाइड शिजवायचो, कॉस्टिक टाकून. तो स्वस्त आणि टिकाऊ, पण त्याला सव्वाशे-दीडशे अंशांची उष्णता लागते. प्लायवूड पातळ असतं, हॉट प्रेसच्या दोन तापलेल्या पाट्यांमध्ये काही मिनिटांत गाभ्यापर्यंत ऊब जाते. दोन फूट उंचीच्या तुळईत ती पोचवणार कशी? लाकूड उष्णता आत जाऊच देत नाही. म्हणून रिसॉर्सिनॉल. तो महाग आहे, पण त्याच्यामुळे रेझिन साध्या तापमानाला जमतं. पॅराफॉर्मल्डिहाइडची पूड घातली की घड्याळ सुरू. मेलामाइनवाले काही कारखाने रेडिओ लहरींनी थेट सांधाच तापवतात. मला स्वतःला ही सगळी हकिगत तुळईपेक्षा जास्त रंगतदार वाटते, पण पुतण्याने दुसऱ्या वाक्यालाच मोबाइल काढला.

फॉर्मल्डिहाइडचं नाव निघालं की लोक दचकतात, आणि दचकावं. २००४ साली आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. रेझिन शिजवायच्या आमच्या केटलजवळ उभं राहिलं की डोळ्यांतून पाणी यायचं, ते मला चांगलं आठवतं. पण जमलेलं फिनॉलिक रेझिन वायू फारच थोडा सोडतं. जास्त सोडतं ते साधं युरिया-फॉर्मल्डिहाइड, जे स्वस्त पार्टिकल बोर्डाच्या कपाटात असतं, आणि ते भार घेणाऱ्या बाहेरच्या तुळईला चालतच नाही. पाहुण्यांच्या खोलीतलं नवं कपाट उघडल्यावर नाकाला झोंबतं ना, त्याची काळजी आधी करा. वर लटकणाऱ्या तुळईची नंतर.

आता बनवण्याची रीत. ओंडका चिरला, फळ्या भट्टीत सुकवल्या. इथे थांबतो, कारण माझ्या मते अर्धी तुळई इथेच बनते. झाड तोडलं तेव्हा त्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणी असू शकतं. भट्टीतून फळी निघते तेव्हा ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास आणलेला असतो, आणि शेजारशेजारच्या फळ्यांतला फरकही थोडाच ठेवावा लागतो. एक फळी १० टक्के आणि तिची शेजारीण १८ टक्के असेल तर चिकटवल्यावर एक आकसते, दुसरी नाही, आणि गोंदाच्या रेघेवर ओढाताण सुरू होते. मग लोक म्हणतात, गोंद खराब होता. गोंदाच्या माथी फुटलेली बरीच खापरं भट्टीची असतात, हे मी आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरलाही तोंडावर सांगायचो.

मग फळीची परीक्षा. यंत्रात ती थोडी वाकवून किंवा ठोकून तिचा ताठपणा मोजतात, गाठी, तिरक्या रेषा पाहतात. मोठी गाठ असेल तेवढा तुकडा कापून टाकतात आणि उरलेली दोन टोकं फिंगर जॉइंटने जोडतात. आपले सुतार कुसू आणि खाच करतात त्याचंच बारीक रूप: पंधरा-वीस मिलिमीटर लांबीचे टोकदार दाते दोन्ही टोकांना, त्यात गोंद, आणि लांबीच्या दिशेने काही सेकंद जोराचा रेटा. अशा जोडत गेल्या की फळी हवी तेवढी लांब. झाडाच्या उंचीची मर्यादा संपली. मर्यादा राहते ती ट्रकची, आणि आमच्याकडे घाटातल्या वळणांची.

रचताना फळ्या कशाही ठेवत नाहीत. तुळई वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण तळाच्या फळीत आणि सगळ्यात जास्त दाब माथ्याच्या फळीत. मधल्या फळ्या त्या मानाने आरामात. म्हणून उत्तम फळ्या वर-खाली, दुय्यम मधे. काही तुळयांत तळाची फळी माथ्याच्या फळीहूनही सरस असते, आणि म्हणून तुळईवर वरची बाजू छापलेली असते. ती उलटी चढवली तर दिसायला तीच, ताकदीला कमी. मेस्त्रींना हे एकदम पटलं. वासासुद्धा कुठली बाजू वर करून ठेवायचा हे बघितल्याशिवाय ते कधी चढवत नाहीत.

बाकी रीत भराभर सांगतो. चिकटवण्याच्या आधी काही तासांत फळी रंधून घेतात, कारण ताज्या रंधलेल्या अंगाला गोंद धरतो, शिळ्याला नाही. गोंदाचा पडदा सोडतात, थर रचतात, दर चौरस सेंटिमीटरला सहा ते दहा किलोचा दाब देऊन शिकंज्यात ठेवतात, जमल्यावर चारही बाजूंनी रंधतात. लांब गाळ्याच्या तुळईला आधीच पोटात किंचित वर उचललेली कमान देतात, म्हणजे भार आल्यावर ती सरळ दिसते. संपलं.

आणि ताकद? एकसंध ओंडक्यातून काढलेल्या तुळईत तळाशी मधोमध मोठी गाठ निघाली तर सगळा खेळ तिच्या मर्जीवर. ग्लुलॅममध्ये कुठलीही गाठ एका फळीपुरती, आणि शेजारच्या फळ्या तिचा भार उचलतात. ताकद फार वाढते असं नाही, बेभरवसा कमी होतो. अभियंत्याला हिशेबात धरायला आकडा मिळतो. युरोपातल्या तुळईवर जीएल २४, जीएल २८ असं लिहिलेलं असतं, म्हणजे वाकताना चौरस मिलिमीटरला तेवढे न्यूटन. आमच्या किंजळीच्या वाशावर कोण लिहिणार?

कारखान्यात सांध्याचा तुकडा कापून तो फोडून बघायचो. गोंदाच्या रेघेवर स्वच्छ सुटला तर नापास. लाकूडच फाटून रेघेवर त्याचे तंतू चिकटलेले राहिले तर पास. मरीन प्लाय तर ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवायचं. मेस्त्रींना हे सांगितल्यावर ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हंजे लाकडाच्या आधी गोंद सुटता नये." एवढंच. माझ्या सगळ्या नोकरीचा सारांश.

नॉर्वेत ब्रुमुन्डाल इथे २०१९ साली ८५.४ मीटर उंचीची, अठरा मजल्यांची म्योस्टॉर्नेट इमारत ग्लुलॅमच्या खांब-तुळयांवर उभी राहिली. पुतण्या हेच चित्र दाखवत फिरतो. मी त्याला म्हटलं, बाबा, नॉर्वेत वाळवी नाही.

खरी अडचण इथे आहे. गोंदाने वाळवी थांबत नाही. ती सांधा सोडून फळी खाते. सागाच्या गाभ्यात स्वतःची तेलं आणि टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात, म्हणून वाळवी त्याला सहसा हात लावत नाही. स्प्रूस किंवा पाइन म्हणजे तिच्यासाठी श्राद्धाचं जेवण. मग लाकडावर प्रक्रिया हवी. बोरॉनची प्रक्रिया माणसाला फारशी घातक नाही, पण पावसात धुऊन जाते, म्हणून छपराखालीच. तांब्याच्या क्षारांची पाण्यात टिकते, पण काही प्रक्रियांनंतर फळीचं अंग गोंदाला दाद देत नाही. त्यासाठी कारखान्याकडे त्याची वेगळी तयारी लागते. कुणी विचारेल, मग सागाचीच ग्लुलॅम का नाही करत? करतात, पण जी तेलं वाळवी हाकलतात तीच गोंदालाही हाकलतात. रंधल्याबरोबर लगेच चिकटवावं लागतं.

आणि हवा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर राहिली तर छपराखालचं लाकूडही हळूहळू १७ ते २० टक्क्यांपर्यंत ओलावा ओढून घेतं. मे महिन्यात परत सोडतं. १२ टक्क्यांना बनलेली तुळई दरवर्षी हा श्वास घेणार. त्यात बारीक भेगा पडतील, त्या लाकडात पडल्या तर चालतं, गोंदाच्या रेघेवर उघडल्या तर नाही. म्हणून मी फिकट रेघेला विरोध केला. बाईंना रेघ दिसायला नको होती. मी म्हटलं, दिसू द्या, काळी रेघ म्हणजे रिसॉर्सिनॉल. शिवाय तुळईचं टोक कधीही पागोळ्यांच्या रेषेबाहेर काढायचं नाही. आडव्या कापलेल्या टोकातून लाकूड बाजूंपेक्षा कितीतरी भराभर पाणी पितं. नकाशात मात्र टोकं दीड फूट बाहेर, कोरलेली, सुंदर. ती आत घ्यायला लावली. बाई थोड्या नाराज झाल्या, पण त्यांनी दुसऱ्याच दिवशी सुधारित नकाशा पाठवला, हे त्यांचं मोठेपण.

लोखंडाचं काय, असं वाडीत सगळे विचारतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर दापोली-मंडणगडपासून खाली कितीतरी कौलारू छपरांच्या जागी लोखंडी पाइप आणि पत्रे आले. पटकन होतं, हाताशी मिळतं, त्या वेळी तेच शहाणपणाचं होतं. पण समुद्रापासून पाचशे पावलांवर पाइपला आतून गंज धरतो आणि तो बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आगीचं म्हणाल तर जाड लाकूड मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर वेगाने जळतं आणि वरचा कोळसाच आतल्या लाकडाला झाकतो. अर्ध्या तासात पाऊण-एक इंच गेलं तरी बाकीची तुळई उभी. उघडं पोलाद सहाशे अंशांच्या आसपास निम्म्याहून जास्त ताकद गमावून बसतं. तरीही पुतण्याचा हॉल आतल्या भूभागात, चिपळूणच्या वर कुठे असता, तर मी मुकाट्याने गॅल्व्हनाइज्ड पोलाद घ्यायला सांगितलं असतं. ते आपल्याकडच्या फॅब्रिकेटरला कळतं, तुळई चुकली तर दुरुस्त करणारा तालुक्यात कुणी नाही.

शेवटी ठरलं ते असं. हॉलच्या चार मुख्य तुळया ग्लुलॅमच्या, प्रक्रिया केलेल्या पाइनच्या, काळ्या रेघेच्या. त्यांना धरणाऱ्या पट्ट्या आणि बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे, कारण साधा बोल्ट लाकडाच्या आत गंजून फुगला तर लाकूडच फाडतो. चिऱ्याची भिंत आणि तुळईचं टोक यांच्यामध्ये हवा खेळायला बोटभर जागा. विक्रेत्याकडून लेखी चार गोष्टी: गोंदाचा प्रकार, प्रतीचा वर्ग, वाळवीची प्रक्रिया चिकटवण्याआधी केली की नंतर, आणि पाठवतानाचा ओलावा. पहिल्या तीन आल्या. ओलाव्याच्या रकान्यात 'समाधानकारक' असं लिहून आलं. मी तो कागद परत पाठवलाय, आकडा लिहा म्हणून.

पडवीला मात्र ग्लुलॅम नाही. सात-आठ फुटांच्या गाळ्याला कशाला? तिथे किंजळीचे वासे, सागाच्या रिपा आणि जुन्या घरातली निघालेली मंगलोरी कौलं. ते काम मेस्त्री दिवाळीनंतर धरणार आहेत, आणि त्यात मला कुणी काही विचारत नाही.